पानाची टोपी आणि चाळिसावा कागद

पुस्तकाच्या पानाला डोक्यावर एक बारीक ओळ असते आणि तळाला एक. वाचणारा त्या ओळींकडे ढुंकूनही बघत नाही, जुळवणाऱ्याची मात्र त्यांच्यापायी कंबर मोडते. धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत रुपचंद नानांचा छापखाना होता. तिथे मी बावीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवत होतो. आमच्याकडे वरच्या ओळीला टोपी म्हणत आणि खालच्या ओळीला वहाण. नाना आतून ओरडायचे, "छगन, टोप्या घातल्या का रे सगळ्यांना?" नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मागच्या दाराने वरात निघते आहे.

टोपीची एक सोय असते. मजकूर पानोपानी बदलतो, टोपी बदलत नाही. एकदा जुळवली की ती तशीच उभी ठेवायची. छापलेला मजकूर काढायचा, नवा घालायचा आणि वरून तीच टोपी चढवायची. वहाणेतसुद्धा बहुतेक वेळा पानाचा आकडाच तेवढा बदलायचा. माझ्या आयुष्यात एकदा केली की पुन्हा करावी लागत नाही अशी ही एकच गोष्ट होती, म्हणून टोपीवर माझा जीव होता.

अडुसष्ट सालची गोष्ट. चैत्रात दोंडाईच्याचे पारसमल शेठ एक वही घेऊन आले. त्यांच्या आईचं, सज्जनबाईंचं, वर्षीतप चाललं होतं. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं तेरा महिने. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उसाच्या रसाने पारणं व्हायचं होतं. त्या दिवशी येणाऱ्या बायांना वाटायला एक पुस्तक हवं होतं, बत्तीस पानांचं, पाचशे प्रती. सज्जनबाई चौदाव्या वर्षी मारवाडातून नवरी होऊन दोंडाईच्याला आल्या आणि इथल्या बायांची गाणी ऐकून ऐकून त्यांना तोंडपाठ झाली. आखाजीची, हळदीची, पाळण्याची, सगळी अहिराणी. स्वतःला अक्षर येत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितली आणि सून राजकुंवर हिने वहीत उतरवली.

"टोपी काय घालू?" मी विचारलं.

"पानोपानी देवाचं नाव पाहिजे," शेठ म्हणाले. "श्री ऋषभदेवाय नमः. दोन्ही बाजूंना स्वस्तिक. आणि खाली एकेका व्यापाऱ्याचं नाव घाला. समाजातले लोक आहेत, बरं दिसतं."

मला काय, मी हमालच. टोप्या जुळवल्या, स्वस्तिकं बसवली, वहाणा घातल्या आणि पहिली चार पानं ट्रेडल यंत्रावर चढवली. छापताना सुरुवातीचे काही कागद नेहमीच बिघडतात. कुठे शाई फार, कुठे ओळ पुसट. त्या फर्म्याचे, म्हणजे एकदम छापायच्या चार पानांचे, चाळीस कागद बिघडले. आकडा पक्का, कारण नाना कागद मोजून देत आणि मोजून घेत.

बिघडलेले कागद कुठे जायचे हे सांगायला थोडी लाज वाटते. आमच्या दारासमोर नथ्थूचा भज्यांचा ठेला होता. आम्ही त्याला पुड्यांसाठी कागद द्यायचो आणि तो आम्हाला भजी द्यायचा. हा रिवाज माझ्या आधीपासूनचा. त्याप्रमाणे ते चाळीस कागद मी नथ्थूला दिले आणि संध्याकाळी कांद्याच्या भज्यांचा पुडा घेऊन घरी गेलो.

माझी बायको बेबाबाई चौथी शिकलेली. तिने भजी ताटात काढली आणि कागदच वाचत उभी राहिली. मग हलक्या आवाजात म्हणू लागली,

"मूळ उना भाऊ, बैल बांधा निंबले,
सांगा सासूबाई, काय सांगू जीवले?"

"हाई गानं कोनं शे?" तिने विचारलं.

"खाले नाव छापेल शे ना. दीपचंद गौतमचंद, कापसाचे व्यापारी."

"कापूसना व्यापारी गानं रचस का?"

दिवसभर उभं राहून माझे पाय ठणकत होते. "घरमा छापखानानं बोलू नको," मी खेकसलो. ती गप्प बसली. मी गप्प बसवलं, असं म्हणायला हवं. दोन दिवसांनी तिचा भाऊ न्यायला आला आणि ती आखाजीसाठी माहेरी गेली. तिचं माहेर दोंडाईच्यापासून तीन मैलांवर.

तिसऱ्या दिवशी पारसमल शेठ आईला घेऊन पहिली पानं दाखवायला आले. नाना दारात उभे होते, मी हात पुसत बाहेर आलो, आणि बघतो तर सज्जनबाई मागेच थांबलेल्या. किडकिडीत म्हातारी, पण चालणं ताठ. नथ्थूच्या ठेल्याशी एक माणूस भजी खाऊन कागदाला बोटं पुसत होता. बाईंनी त्याच्या हातातून कागद काढून घेतला. तो बिचारा आ वासून बघत राहिला. त्या आत आल्या आणि तो तेलकट कागद त्यांनी माझ्यापुढे धरला.

"भाऊ, यामा देवनं नाव शे. अनी देवना डोकावर कांदा."

कांदा जैन घराचा उंबराही ओलांडत नाही. पारसमल शेठचा चेहरा पांढरा पडला. नाना गडबडून भलतंच बोलले, "आई, तुम्हाला वाचता येतं?"

"वाचता नही येत. पन हाऊ साथिया वळखता येस." त्यांनी स्वस्तिकावर बोट ठेवलं. "नुसतं अक्षर ऱ्हातं तर मी त्यावर पाय ठेवीसन चालनी जातू."

कोणाच्या हातून झालं आणि किती कागद गेले, हे मी सांगितलं. लपवून काय होणार होतं, समोर नथ्थू झारा घेऊन उभाच होता. मग नानांनी उपाय काढला, की उरलेसुरले कागद पांझरा नदीत सोडू.

"पानीमा जीव ऱ्हातस," बाई म्हणाल्या.

"मग जाळू."

"आगमा बी जीव ऱ्हातस."

मी म्हणालो, की चांगल्या छापलेल्या पाचशे कागदांची वरची पट्टी कटिंग मशीनवर उडवू, म्हणजे पुस्तक तरी वाचेल. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की माझे कान तापले. "देवनं नाव कापशी तू?"

शेवटी त्यांनीच निकाल दिला. छापलेले पाचशे कागद धर्मस्थानकाच्या कपाटात जातील. पुस्तक नव्याने छापायचं. आणि बिघडलेले चाळीसच्या चाळीस कागद त्यांच्या हातात यायला हवेत, मग त्या स्वतः ते कोरड्या, पाय न पडणाऱ्या जागी ठेवतील.

"तवलोंग मी रस नही पिसू," त्या म्हणाल्या.

"आई, तेरा महिन्यांचं तप आहे!" शेठ जवळजवळ रडकुंडीला आले.

"तप मन्हं शे, पुस्तक बी मन्हं शे. मंग चूक कोनी व्हई?"

चूक माझी होती. त्या म्हातारीने ती आपल्या अंगावर घेतली, आणि मला तिच्यावर रागसुद्धा धड धरता येईना. आखाजीला नऊ दिवस उरले होते.

निघताना त्यांनी मला विचारलं, ही वरची ओळ असते तरी कशाला. मी म्हणालो, पुस्तक मधूनच उघडलं तर आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून.

"मंग देवना नाववरून काय कळी? देव बठ्ठा पानवर सारखाच." त्यांनी पुन्हा स्वस्तिकावर बोट ठेवलं. "चित्र टाक, भाऊ. ज्या बाया गातीस त्यास्ले वाचता येत नही. माले जसा साथिया कळना, तसं त्यास्ले कळी. अनी खाले व्यापारीसनं नाव नको. जिनं गानं, तिनं नाव."

बावीस वर्षं मी टोप्या घालत होतो. टोपी कोणासाठी घालायची, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

राजकुंवरने वहीवर कुठलं गाणं कोणाचं ते लिहून दिलं. ताईबाई, प्रमिलाबाई, सुगनबाई, अशी नावं. एका गाण्यापुढे जागा कोरी होती. ते नेमकं मूळ, म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला, आलेल्या भावाचं गाणं. जिनिंगवर कापूस निवडणाऱ्या एका बाईकडून अठ्ठावीस वर्षांपूर्वी ऐकलेलं. कडेवर लहान पोर घेऊन ती गायची. सज्जनबाईंनी तिचं नाव कधी विचारलं नव्हतं, आणि ते त्यांना आता लागून राहिलं होतं.

"तिथे 'एक बाई' असं घालतो," मी म्हणालो.

"नही. जागा ठेव."

"आई, रिकामी वहाण दिसली की लोक म्हणतात कंपोझिटर झोपला होता."

"म्हनू दे. तू जागा ठेव."

मी जागा ठेवली. हुज्जत घालायला वेळ कुठे होता! नथ्थूच्या ठेल्यावर दगडाखाली तीस कागद सुखरूप होते. एक बाईंनीच हिसकावला होता. राहिले नऊ. नथ्थूला समोर बसवून मी म्हटलं, गिऱ्हाइकं आठव. त्याची स्मरणशक्ती मात्र दांडगी. कोणी काय खाल्लं, चटणी किती मागितली, मिरची परत केली का, सगळं सांगितलं. कोर्टातल्या एका शिपायाने कागद टेबलाच्या खणात अंथरला होता, तो लगेच मिळाला. न्हाव्याने त्यावर वस्तरा पुसला होता. धनसिंग टांगेवाल्याने घोड्याच्या खोगिराखाली सरकवला होता आणि घोडा तो द्यायला तयार नव्हता. एक कागद शेळीने अर्धा खाल्लेला. उरलेला अर्धा तिच्या तोंडातून ओढताना तिने माझ्या धोतराचा सोगाही चाखला. असे करत आठ जमले. बाजारपेठेत लोक मला बघून म्हणायचे, "तो आला, उष्टे कागद गोळा करणारा." एरवी मी एकेकाला धरून सुनावलं असतं, पण तेवढी उसंत नव्हती.

चाळिसावा काही केल्या सापडेना. नथ्थू शपथेवर सांगत होता, की गिऱ्हाइकं संपली.

इकडे चित्रं जमवायची होती. लग्नपत्रिकांच्या चित्रांचे ठोकळे होते, त्यातून हळदीच्या गाण्यांना कलश मिळाला. बारशाच्या पत्रिकेतला पाळणा मिळाला. गेल्या वर्षीच्या निवडणुकीत अपक्ष उमेदवारांसाठी करून घेतलेली चिन्हं पडून होती, त्यात एक झाड आणि एक बैलगाडी निघाली. त्या बैलगाडीचा उमेदवार दणकून आपटला होता, पण मूळ आलेल्या भावाला ती शोभून दिसली. झोका मात्र कुठेच नव्हता, आणि आखाजीच्या गाण्यांना झोक्यावाचून चालणार कसं? मग मी रेघा छापायचे पितळी रूळ कापले. दोन उभे, वर एक आडवा, मधे दोन बारीक आणि त्यांना खाली एक तुकडा. प्रूफ काढलं. झोका झाला होता. नाना म्हणाले, "छगन, हा हलेल की काय असं वाटतं." नाना कोणाची स्तुती करत नसत, त्यामुळे मला त्या दिवशी जेवणही जास्त गेलं.

आदल्या दिवशी पुस्तकं बांधून झाली. कागद अजून एकोणचाळीसच. नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक ताजा छाप. तेलात बुडव. म्हातारीला काय कळणार आहे?" मी जुन्या टोपीचे खिळे पुन्हा हातात घेतले. पण म्हातारीला कळो न कळो, मला कळणार होतं. शिवाय असा कागद छापला तर देवाच्या नावाचा तो एक्केचाळिसावा झाला असता. मी खिळे परत खणात टाकले आणि नानांना चार शब्द ऐकवले. नाना पुस्तकं मोजायला लागले, त्यांनाही ते पटलं असावं.

आखाजीला सकाळी पहिल्या एस.टी.ने आम्ही दोंडाईच्याला पोचलो. मांडव भरलेला होता. पुढे समाजातले व्यापारी, मागे आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया. सज्जनबाई पाटावर बसल्या होत्या. शेवटचे दोन दिवस सलग उपास होता, आवाज खोल गेला होता. शेजारी उसाच्या रसाचा चांदीचा पेला. मी पांढऱ्या फडक्यात बांधलेले कागद त्यांच्यासमोर ठेवले.

"चाळीस भरनात का, भाऊ?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. पारसमल शेठ डोळ्यांनीच विनवत होते, हो म्हणा.

"एकोणचाळीस," मी म्हणालो. "एक नाही सापडला. सगळं धुळं पालथं घातलं, आई."

त्यांनी पेला बाजूला सरकवला. रागावल्या नाहीत. "मंग वाट दखसूत," एवढंच म्हणाल्या. शेठनी कपाळाला हात लावला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मांडवात नुसतं बसून काय करायचं, म्हणून राजकुंवरने पुस्तकं वाटायला घेतली. बायांनी ती उघडली आणि हळूहळू कुजबुज सुरू झाली. "हाऊ दख झोका!" "हाऊ पायना!" एकीला पाळणा सापडला, तिने त्या पानावर बोट ठेवून पाळण्याचं गाणं म्हटलं. ज्यांना एक अक्षर येत नव्हतं त्या बाया पान उलटून नेमकं हवं ते गाणं काढत होत्या. मी जुळवलेलं पुस्तक असं वापरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मग कोणीतरी बैलगाडी काढली आणि सगळ्या म्हणू लागल्या, "मूळ उना भाऊ, बैल बांधा निंबले..."

पुस्तकातलं कडवं संपलं. बाया थांबल्या. पण मागून एकच आवाज पुढे चालू राहिला,

"आखाजी सरनी, झोका निंबवर रह्यना,
मायना निरोप मन्हा कानमा रह्यना."

ही ओळ वहीत नव्हती. सज्जनबाईंनी मान वर केली. मी तर आवाजच ओळखला. अकरा वर्षं तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात होता.

बेबाबाई बायांतून वाट काढत पुढे आली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. कनवटीचा घडी केलेला कागद तिने काढला आणि सज्जनबाईंच्या हातात ठेवला. वरच्या स्वस्तिकावर हळदकुंकू लावलेलं होतं.

"भजा यामा उन्ह्यात," ती म्हणाली. "तेल ज्वारीना पीठघाई काढं. वर देवनं नाव व्हतं म्हनीसन माहेरना देवजवळ ठेवेल व्हतं. पन आई, हाई गानं मन्ही मायनं शे. तिना खाले हाऊ दीपचंद कोन शे?"

पहिल्या रांगेत दीपचंद शेठ बसले होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मी आहे ताई. मला एक ओळ गाता येत नाही." मांडव हसून हसून लोळला.

काखेत कळसा अन् गावाला वळसा! नथ्थूला मी गिऱ्हाइकं आठवायला सांगितली होती, त्याने गिऱ्हाइकं आठवली. मी फुकट खाणारा, मी गिऱ्हाईक कुठे होतो? आणि घरात ज्या बाईने त्या कागदाबद्दल विचारलं होतं, तिच्यावर मी खेकसलो होतो.

सज्जनबाईंनी कागद कपाळाला लावला आणि फडक्यात ठेवला. मग बेबाबाईची हनुवटी धरून तिचा चेहरा निरखला. "जिनिंगवर कडेवर व्हती ती तूच का वं? तुन्ही मायनं नाव काय?"

"पुना."

"पुना," बाई म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, "पुना." अठ्ठावीस वर्षांनी त्यांना ते मिळालं होतं. मग त्यांनी पेला उचलला, "चाळीस भरनात," म्हणाल्या आणि रस प्यायल्या. पारसमल शेठ लहान मुलासारखे रडले. खरं सांगतो, मीही रडलो. नाना तेवढे रडले नाहीत, ते उसाचा रस कुठे मिळतो हे बघायला गेले होते.

पाचशे प्रतींत बैलगाडीच्या पानाखालची जागा कोरी होती. मी राजकुंवरकडून पेन मागून घेतलं आणि मांडवाच्या कोपऱ्यात बसलो. बायांनी आपापली पुस्तकं परत आणून दिली. पुनाबाई, पुनाबाई, पुनाबाई. लिहिता लिहिता आठवलं, की माझ्या लग्नाची पत्रिका मीच जुळवली होती. गणपती घातला, कलश घातला, सासऱ्याचं नाव ठळक खिळ्यांत घातलं. सासू त्याआधी चार वर्षं वारलेली. तिचं नाव काय, हे मी विचारलं नव्हतं. अकरा वर्षं संसार केला तरी विचारलं नव्हतं.

बेबाबाई शेजारी येऊन बसली. ती पान उघडून द्यायची, मी लिहायचो, ती फुंकर घालून शाई वाळवायची. शंभरेक प्रती झाल्यावर ती म्हणाली, "नीट लिखा. ओळ वाकडी जाई राह्यनी."

बावीस वर्षं सरळ ओळी जुळवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. मी पुढच्या प्रतीवर सावकाश, सरळ लिहिलं.